तोंड बांधलेली बाहुली

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. मासेवालीने बांगडा ताजा आहे म्हटलं की मी कल्ला उघडून बघते. नवऱ्याने शिवणाचं दुकान अर्धा तास लवकर बंद केलं की कारण विचारते, आणि कारण पटलं नाही तर शेजारच्या दुकानदारालाही विचारते. आई म्हणायची, ही पोलिसात शोभली असती. मी झाले बालवाडीची बाई. मालवणच्या किनाऱ्याला लागून असलेल्या आमच्या वाडीत, देवळामागच्या कौलारू खोलीत बावीस मुलं घेऊन बसायचे. बहुतेक सगळी होडीवर जाणाऱ्यांची आणि मासे विकणाऱ्या बायकांची.

२००२ च्या जूनमध्ये आम्हा बालवाडीच्या बायांना ओरोसला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. पुण्याहून आलेल्या एका मॅडमनी सांगितलं की लहान मूल स्वतःच्या मनातलं सरळ सांगत नाही, पण बाहुलीच्या मनातलं सांगतं. बाहुलीला काय झालंय असं विचारा, मूल स्वतःचं सांगेल. आणि जे दिसेल, ऐकू येईल, ते वहीत नोंदवून ठेवा. बाकीच्या बाया जेवणाच्या सुट्टीची वाट बघत होत्या. मी मात्र कान टवकारून ऐकत होते. कुणाच्या घरात पाऊल न टाकता घरातलं सगळं कळणार, माझ्यासारखीला आणखी काय हवं होतं?

मॅडमनी दिलेल्या नमुन्यावरून मी पहिली बाहुली शिवली. पिवळ्या लोकरीचे केस, गुलाबी गाल, कानापर्यंत पोचलेलं लाल हसू. मुलांनी तिला 'मडम' नाव ठेवलं आणि कुणी हात लावेना. एकीने तर, ही इंजेक्शन देतली काय, असं विचारून कोपरा धरला. आठवडाभर बाहुली खिळ्याला टांगलेली राहिली. ओरोसच्या प्रशिक्षणात आम्हाला फसवलं, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तुझी बाहुली बघून मीच दचकलो, मुलांचं काय सांगतेस.

त्यानंतर मी पिंगुळीला गेले. तिथे कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारे लोक आहेत, त्यांतल्या एका म्हाताऱ्याला मी माझी 'मडम' दाखवली. त्याने ती उलटीसुलटी केली आणि माझ्या मांडीवर परत ठेवली.

"हिका हसताना केलास," तो म्हणाला. "मगे ही रडतली कशी? तोंडाचा सोड. मान दी तिका. मान खाली गेली काय बघणाऱ्याक कळता."

मग त्याने स्वतःची एक जुनी लाकडी बाहुली दोरीवर उचलली. तिचं तोंड कोरलं होतं तसंच होतं, पण मान जराशी कलली आणि ती रडवेली दिसली. मान वर केली तर ती रागावलेली दिसली. चेहरा एकच होता. मी त्याला चहाला पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत, आणि का घेतले नाहीत याचा विचार मी कुडाळपर्यंतच्या गाडीत करत होते.

घरी आल्यावर मी नव्याने सुरुवात केली. दुकानातल्या चिंध्या होत्याच. अंगासाठी जुन्या लुगड्याचं मऊ कापड, आत भाताचा कोंडा. डोक्यात वाळूची पुरचुंडी, म्हणजे डोकं जड होऊन जिकडे हात फिरवाल तिकडे कलंडेल. मानेत काथ्याची सैल दोरी. डोळ्यांना शर्टाची बटणं. तोंड काढलंच नाही. पोटाला एक खिसा ठेवला, कारण आमची मुलं हातात आलेलं काहीही कुठेतरी खुपसतात, तर ते बाहुलीच्या पोटात खुपसू देत. अशा सहा बाहुल्या शिवल्या. श्रावण सरेपर्यंत त्यांचं कापड मुलांच्या हातांनी काळं झालं. कापड काळं झालं की खेळणं पसंत पडलं, एवढं मला त्या दिवसांत कळलं.

खरा शोध मुलांनीच लावला. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकजण नारळ हातात धरून सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने काय ते सांगतो, मागतो, तक्रार करतो, आणि त्याच्या दर वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्यात कुणाबद्दल काही बोललं गेलं तरी ते मनाला लावून घ्यायचं नसतं, कारण ते माणसाला नाही, देवाला सांगितलेलं असतं. एक दिवस एका मुलाने नारळाऐवजी बाहुली उचलली आणि सुरू केलं, बा देवा म्हाराजा, ह्या बावलेचो बापूस शेंगदाणे हाडतंय म्हणान गेलो तो रिकामोच इलो. बाकीची पोरं ओरडली, व्हय म्हाराजा. त्या दिवसापासून रोज शेवटचा अर्धा तास गाऱ्हाण्याचा झाला. 'तुला कसं वाटतं' म्हणून विचारल्यावर जी मुलं पायाच्या अंगठ्याने सारवलेली जमीन उकरायची, ती बाहुली हातात आली की देवाशी तासभर भांडली असती. मी भिंतीला टेकून वही भरत असे. संध्याकाळी घरी जाताना शेंगदाण्यांबद्दल त्या बापाला टोमणाही मारला. तो हसला. मला आपण फार मोठं काम करतोय असं वाटू लागलं.

एक मुलगी मात्र गाऱ्हाणं घालत नसे. पाच वर्षांची होती. आई दोन वर्षांपूर्वी तापाने गेली, बाप रत्नागिरीकडे ट्रॉलरवर, गणपतीला आणि शिमग्याला तेवढा येणार. ती काका-काकीकडे राहायची. काकी बाजारात मासे विकायची. तिला स्वतःला मूल नव्हतं, आणि मूल नसलेल्या बाईबद्दल वाडीत जे बोलतात ते सगळं तिच्याबद्दल बोललं जायचं. मी स्वतःला त्या बोलणाऱ्या बायकांपेक्षा शहाणी समजत होते. ऐकून मात्र सगळं घेत होते.

गणपती झाल्यावर एक दिवस ती मुलगी बाहुली घेऊन माझ्या मांडीशी आली. बाहुलीचं डोकं खाली लोंबत होतं. मी विचारलं, हिला काय झालं? ती बाहुलीच्या कानाशी बोलल्यासारखी हळूच म्हणाली, "ही हांथरुणात मुतता. काकी कोणाक सांगणा नाय."

मी वहीत पहिलं वाक्य लिहिलं. दुसरं लिहायचं मला सुचलंही नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात मी काकीच्या पाटीसमोर उभी राहिले. मासे घेऊन झाले आणि मग मी अगदी समजुतीच्या स्वरात सांगितलं की पोरगी अंथरूण ओलं करते ते मला कळलंय, आई गेलेल्या मुलांचं असं होतं, तिला रागावू नका. डाव्या-उजव्या बाजूच्या दोन्ही मासेवाल्या सुरी थांबवून ऐकत होत्या. काकीने माझ्याकडे बघितलं नाही. तिने पैसे घेतले, पाटीवर ओलं फडकं टाकलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागली. ही बाई उत्तर का देत नाही, अशी शंका मला तिथेच आली.

त्यानंतरच्या सोमवारी मुलीने मी दुकानातून आणलेल्या चिंध्यांतली एक पट्टी उचलली आणि बाहुलीच्या चेहऱ्याला बांधली. तोंड मी काढलंच नव्हतं, पण जिथे असायला हवं तिथे तिने ती पट्टी गुंडाळली, मागे गाठ मारली आणि बाहुली खेळण्यांच्या टोपलीखाली पालथी घातली. मी विचारलं, हिचं तोंड का बांधलं? ती उठून पाणी प्यायला गेली. वहीत मी लिहिलं: तोंड बांधते, टोपलीखाली कोंडते. पुढे प्रश्नचिन्ह घातलं आणि घरी जाऊन ते खोडलं.

मी मुलीला एक बाहुली घरी न्यायला दिली. घरात जास्त मोकळी होईल, असं वरवरचं कारण. तिसऱ्या दिवशी काकी बालवाडीच्या दारात उभी. हातात बाहुली, तिचं डोकं उसवलेलं, वाळूची पुरचुंडी वेगळी काढून रुमालात बांधलेली.

"बाई, ही रेव खंयची?" तिने विचारलं.

मी म्हटलं, किनाऱ्यावरची, होड्या ओढतात तिथली.

"किनाऱ्यार मसणवट पण आसा," ती म्हणाली. "चेडवाच्या उशाक काय ठेवतास, ता माका कळाक व्हया."

तिला वाटलं होतं की मी पोरीवर काहीतरी करणी केली. स्मशानाजवळची वाळू बाहुलीच्या डोक्यात भरून मूल नसलेल्या बाईच्या घरात पाठवली, यात तिला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. मला मात्र राग आला. एक तर सहा डोक्यांची वाळू मी स्वतः धुऊन, उन्हात वाळवून भरली होती. आणि दुसरं, मला वाटलं की वाळूचं निमित्त आहे, हिला खरी भीती बाहुली बोलेल याची आहे. मी तिला चार शब्द सुनावले. तीही गप्प बसली नाही. एकवीस मुलं आमच्या दोघींकडे बघत होती आणि ती मुलगी भिंतीकडे.

पुढचा महिना मी काकीवर डोळा ठेवून काढला. काकीला वाटेत गाठून मी काही ना काही विचारायचे: रात्री जेवली का, काल का आली नाही, डोळे का सुजलेत. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी बाहुलीच्या तोंडावरच्या पट्टीला आणखी एक वेढा पडलेला असायचा. मी वेढे मोजून वहीत लिहायचे. एकदा मुलीच्या दंडावर निळं दिसलं. त्या खोलीतल्या प्रत्येक मुलाच्या अंगावर काही ना काही खरचटलेलं, सुजलेलं असायचंच, किनाऱ्यावरची मुलं ती. मी फक्त तिचंच लिहिलं.

मुलीचा मामा आपल्या आईबरोबर वेंगुर्ल्याच्या बाजूला राहायचा. त्याचा पत्ता मी काढला आणि दिवाळीनंतर त्याला दोन पानी पत्र लिहिलं. मुलीचे हाल होत आहेत, मारहाण आणि कोंडून ठेवण्याची खूण दिसते आहे, येऊन बघावं. टपालात टाकण्याआधी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो कापड बेतत होता. त्याने कात्री खाली ठेवली.

"ह्या तुका म्हायती आसा, काय तुका वाटता?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, दोन्ही एकच आहे. तुला कपड्यातलं कळतं, मला मुलांतलं कळतं. तो पुन्हा कापायला लागला. मी पत्र टाकून आले.

मामा पंधरा दिवसांनी आला, तोही थेट बालवाडीतच. सकाळची वेळ, पांढरा शर्ट, खिशातून माझं पत्र डोकावत होतं. त्याने वाटेतच काकीला निरोप पाठवला होता, त्यामुळे ती बाजारातून तशीच आली, हाताला खवले चिकटलेले. दोघं दारात दोन बाजूंना उभी राहिली. कोण काय बोलणार याचा मलाच धसका बसला होता, म्हणून मी म्हटलं, आधी मुलांचं गाऱ्हाणं होऊ द्या, मग बोलू. खरं म्हणजे मला मामाला बाहुलीची ती पट्टी दाखवायची होती. पुरावा म्हणून.

मुलं गोल बसली. एकदोघांची गाऱ्हाणी झाली, कुणाला तरी बदकाने चावल्याची, कुणाला तरी आंब्याचं लोणचं न मिळाल्याची. मग ती मुलगी उठली. तोवर ती कधीच उठली नव्हती. तिने टोपलीखालून आपली बाहुली काढली, दोन्ही हातांत नारळासारखी धरली आणि गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकऱ्याच्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या बावलेक कोणी काय सांगू नये."

"व्हय म्हाराजा," मुलं म्हणाली.

"सांगला काय ती बाईंका सांगता."

"व्हय म्हाराजा."

"बाई वयेत लिवतत आनी काकीक सांगतत. मगे काकी चुलीपुढे बसान रडता."

"व्हय म्हाराजा."

"म्हणान हिचा तोंड मीया बांदलंय. ता कोणी सोडू नये, असा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," एकवीस मुलं एका सुरात ओरडली आणि लगेच चुळबुळ करायला लागली, कारण पुढचा नंबर कुणाचा यावर भांडण होतं.

मला वाटतं, मी भिंतीला हात लावून उभी होते. वही बंद केल्याचं आठवत नाही. मला लाज वाटली, अंगावरून कपडा ओढल्यासारखी लाज. महिनाभर मी जे वेढे मोजत होते ते माझेच होते. मी काकीला एक प्रश्न विचारायचा, काकीने घरी जाऊन 'बाईंका काय सांगलंस' म्हणून पोरीला विचारायचं, पोरीने रडणाऱ्या काकीकडे बघायचं आणि दुसऱ्या दिवशी येऊन बाहुलीचं तोंड आणखी आवळायचं. आणि मी ते बघून आणखी एक प्रश्न तयार ठेवायचा. त्या मुलीने तोंड उघडावं म्हणून मी बाहुली केली, आणि तिने पहिल्यांदा जे सांगितलं ते मी माशांच्या बाजारात नेऊन वाटलं.

मी मामाला बाजूला घेतलं. माझी चूक झाली, पत्रातलं मारहाणीचं मी पाहिलेलं नाही, मला वाटलं म्हणून लिहिलं, असं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "तुमीच लिवलात, आता तुमीच नाय म्हणतास. माझ्या आवशीन ह्या पत्र चार जणांकडसून वाचून घेतल्यान. ती जेवणा नाय. मीया रिकाम्या हातान घराक जावचंय कसो?"

मी पुन्हा सांगायला गेले. तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती नजर मला ओळखीची होती. या बाईला काकीने काही दिलं असेल का, कुणी दम दिला असेल का, हे तो मनात चाचपत होता. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तोवर धावत आलेल्या काकाने बापाला कळवायचं म्हटलं, पण ट्रॉलर कुठे होता कुणाला ठाऊक. दुपारच्या गाडीने मामा मुलीला घेऊन गेला. तिने बाहुली नेली नाही. मी पुढे केली तेव्हा हात मागे घेतला.

ती पुढच्या गणपतीला परत आली आणि काकीकडेच वाढली, हे इथेच सांगते. पण मधले ते नऊ-दहा महिने माझ्या नावावर आहेत. ते कुणी माझ्या खाती मांडले नाहीत, मीच मांडले.

त्या दिवशी संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, काकी माझ्या घरी आली. मला वाटलं शिव्या घालायला आली. घालाव्यात असंही वाटलं. ती पायरीवरच बसली, पदराने मान पुसली आणि म्हणाली की मामाच्या घरी चिठ्ठी पाठवायची आहे, पण तिला लिहिता येत नाही.

"तुमका येता मां," ती म्हणाली. "मगे लिवा. मीया सांगतंय तितक्याच लिवा. तुमचा काय घालू नकास."

मी कागद आणला आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. पोरीला बांगडा काटे काढून द्यायचा, घाईत खाते. केस ओले असताना विंचरलेले चालत नाहीत, ओरडते. डाव्या कानात पाणी जाऊ देऊ नका, फुटतो. अंथरूण ओलं झालं तर बोलायचं नाही, उठवायचंही नाही, सुकं लुगडं नुसतं खालून सरकवायचं, तिला कळतसुद्धा नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी धुऊन टाकायचं. काही विचारावं असं चार वेळा तोंडावर आलं. एकदाही विचारलं नाही.

पान भरत आलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, आणखी काही?

ती अंगणाकडे बघत होती. तिचे गाल हनुवटीपर्यंत ओले होते आणि ते पुसायचं तिच्या लक्षात नव्हतं.

"तिका वाचून दाखवूक सांगा," ती म्हणाली. "आनी लिवा, काकी रडणा नाय."

मी तसंच लिहिलं.